अळणी

आईच्या कुंपणातला एक दगड
मी खिशात घालून स्टावांगरला नेला.
चकती काढली, घासत घासत
केसाहून पातळ केली, इतकी
की दगडातून उजेड पलीकडे गेला.
शेजारी दुसरी चकती, उसनी आणलेली,
जिच्या पावतीवर सही करताना अक्षर वाकडं आलं:
चंद्र, डोंगराळ भाग.

भिंगाखाली दोन्हींत त्याच पट्ट्या,
काळी, करडी, पांढरी, काळी.
फेल्डस्पार. जवळजवळ नुसतं फेल्डस्पार.
"म्हणजे तिथंही गवत नाहीच," आई म्हणाली.
हेलविकच्या या बोडक्या टेकड्यांवर
टोरगुननं, माझ्या आईनं,
चाळीस वर्षं मेंढ्या राखल्यात
आणि त्याहून जास्त दगड वाहिलेत.

कोबी-मटणाचं पातेलं रात्रभर बाहेर राहिलं होतं.
सकाळी वर चरबीचा थर, पांढरा, जाड.
मी चमच्यानं टकटक केलं. हे असं.
चंद्र वितळलेला होता, शेकडो मैल खोल रस.
जड ते मिरीसारखं तळाला गेलं, हिरवं ऑलिव्हिन आधी;
हलकं वर आलं, थिजलं,
त्याचेच ते डोंगर.
आणि झाकण नि बूड यांच्यामध्ये
कुठल्याच स्फटिकानं घरात न घेतलेलं उरलं:
पोटॅशियम, फॉस्फरस, चिमूटभर थोरियम.

मग वरून मार. कोट्यवधी वर्षं.
फुटलं, वितळलं, जुळलं, परत फुटलं.
तिथला एकेक दगड म्हणजे
दहा दगडांचे तुकडे, एकमेकांत रुतलेले.
"चुना न लावता?"
भिंतीतलं तिला कळतं.
चुना न लावता.

आपला त्र्याण्णव कोटी वर्षांचा,
तो चारशे चाळीसच्या आसपास.
आपल्यात सोडियम आहे, त्याच्यात नावापुरतं.
पाणी तर जवळपास नाहीच.
"अळणी," ती म्हणाली,
आणि पातेल्यात मीठ टाकलं.
सोडियम म्हणजे मीठ नव्हे.
मी दुरुस्त केलं नाही.

बराच वेळ ती ढवळत राहिली.
मग म्हणाली, "आणि त्यांचं पातेलं
बाहेर कुणी ठेवलं होतं?"
मी चमचा चाटला.

"बरं, माझा दगड आण परत.
फट पडलीय तिथं, कोकरं निसटतात."

संध्याकाळी तिनंच बसवला तो,
कापलेली बाजू आत.
वरून तळव्यानं दाबला, हलवून पाहिला.
एक चकती कमी होती.
तिथं तिनं एक चिपरी ठोकली.