पट्टी

सामन्याआधी दीड तास
लेमुएल ब्रूसार्ड माझ्यासमोर टेबलावर बसायचा
आणि दोन्ही पंजे पुढे करायचा,
बांगड्या भरायला बसल्यासारखे.

नऊ हंगाम मी त्याची बोटं बांधली.
पहिल्या वर्षी ती बोटं होती.
नवव्या वर्षी आल्याची कुडी;
कुठलं पेर कुठे वळलंय
ते मला डोळे मिटून ठाऊक.

त्याचं काम सांगायला सोपं.
चेंडूच्या नाकासमोर वाकून राहायचं,
आणि चेंडू हलला की
तीन-तीनशे पौंडांची दोन माणसं अंगावर घ्यायची.
पाडायचं नाही कुणाला. पळायचं नाही.
फक्त हटायचं नाही.
दोघं त्याच्यात गुंतले की मागे एक फट पडते,
दाराएवढी, दोन श्वासांपुरती.
तिच्यातून वॉशबर्न धावत जातो
आणि चेंडूवाल्याला आडवा करतो.
सत्तर हजार लोक वॉशबर्नचं नाव घेतात.
लेमुएल तेव्हा ढिगाच्या तळाशी
कुणाचा तरी गुडघा मानेवरून बाजूला सारत असतो.

सोमवारी आकड्यांचा कागद यायचा.
त्याच्या नावापुढे शून्य, शून्य, एक, शून्य.
ओपेलूसासहून आईचा फोन:
"तुझं नाव नाही रे घेतलं कुणी?"
"घेतलं, मॉमा. गोंगाटात तुला ऐकू आलं नसेल."

एकदाच चेंडू आला त्याच्या वाट्याला.
डिसेंबर. सरोवरावरून आडवा येणारा बर्फ.
कुणाच्या तरी गारठलेल्या हातातून निसटला,
आणि तो चेंडू गोल नसतोच,
त्याच्या उसळीचा भरवसा देवालाही नाही.
लेमुएल त्याच्यावर नुसता पडला.
वर आठ, दहा, किती जण.
ढिगाच्या आत काय चालतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही:
बोटं पिरगाळतात, चिमटे काढतात,
अंगठे डोळ्यांत जातात.
पंचांनी एकेकाला उपसून काढलं
तरी हा पालथाच, चेंडू पोटाशी.
मी धावत गेले. म्हटलं, सोड आता, आपलाच आहे.
म्हणाला, "मी सोडतोय गं. बोटं ऐकत नाहीत."
अनामिका दोन ठिकाणी मोडली होती.
तो चेंडू आता आईच्या फ्रिजवर असतो,
हवा उतरलेला,
मक्याच्या पिठाच्या डब्याला टेकून.

मग ऑगस्टमधला एक मंगळवार.
वरच्या मजल्यावरून एक पोरगा येतो,
हातात यादी, नजर बुटांवर.
अख्खी खोली त्या पोराला टाळते.
"साहेबांनी बोलावलंय. डावांची वही घेऊन."
टेक्सासचा एक बावीस वर्षांचा मुलगा
आधीच लेमुएलच्या खुंटीकडे बघत होता,
आणि बघितलं म्हणून ओशाळत होता.

पंधरा मिनिटांनी लेमुएल माझ्या खोलीत आला.
सराव नव्हता. सामना नव्हता.
टेबलावर बसला
आणि पंजे पुढे केले.
मीही काही बोलले नाही.
पांढरी पट्टी घेतली, करंगळीपासून सुरू केलं,
अनामिकेला एक वेढा जास्त.
तसाच अठरा तास गाडी हाकत दक्षिणेला गेला.
लुइझियानाची हद्द लागल्यावर
एका पेट्रोल पंपावर दातांनी सोडली म्हणे.

मागच्या नाताळात कार्ड आलं.
अक्षर मुलीचं, तिसरीतलं.
बाबा सांगतायत, मी लिहितेय.
शर्टाची वरची बटणं त्यांना लागत नाहीत, मी लावते.
ते म्हणतात, तुम्ही घट्ट बांधायचात पण दुखायचं नाही.
आणि विचारतायत,
त्या टेक्सासच्या मुलाची बोटं कशी आहेत?

उत्तर लिहायला बसले,
सरळ आहेत अजून, असं लिहिलं,
आणि पेन हातात धरून आठवत राहिले
रविवारी बांधताना
उजवी तर्जनी नक्की सरळ होती का.