बारा बापांची

पहिल्या वर्षी दहा राण्या आणल्या डोंगरातून,
एकाच आईच्या दहा लेकी.
काळसर, थोराड, शांत.
पेटीत हात घातला तरी नुसत्या बाजूला सरायच्या,
पाहुण्याला वाट द्यावी तशा.
दर्याप्पा येलपले म्हणाला, माझ्या डाळिंबाला ह्याच पाहिजेत,
बागेतल्या बायका भ्यायच्या नाहीत.

एप्रिलच्या सतराला महूदमध्ये चव्वेचाळीस होतं.
दुपारी दीडला दहाही दारांवर पंख सुरू झाले,
एकदम,
कुणी मेनचं बटण दाबावं तसे.
अडीचला बंद. तेही एकदम.
दमल्याही एकसारख्या.
मग मेण वाकलं,
पोळी चौकटीतून निसटून तळाला बसली,
मध, अंडी, अळ्या, सगळं एकात एक.
आठ पेट्यांतल्या उठून गेल्या.
कुठे, ते मी कुणाला विचारणार.

अकरावी पेटी हिशेबात धरलीच नव्हती.
मरवड्याच्या बुजत आलेल्या विहिरीतून
मैनुद्दीन मुलाणीनं कमरेला दोर बांधून काढलेलं पोळं.
बारक्या, पिवळट, तापट माश्या.
मध वाटीभर, डंख मात्र सढळ हातानं:
मैनुद्दीनची पापणी चार दिवस मिटलेली
आणि तो उरलेल्या डोळ्यानं हसत होता.
ती पेटी शेडच्या मागे, गोणपाटाखाली.
वहीत तिच्यापुढे नुसती रेघ.

तिच्या दाराशी त्या दुपारी मी बसून राहिले,
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून.
साडेअकरापासूनच दोघी-तिघी वारा घालत होत्या.
बाराला आणखी काही.
काही टाकीवरून पाणी आणत होत्या, थेंब थेंब,
आणि काही नुसत्या बसलेल्या, ऐसपैस.
मला रागच आला त्यांचा.
तीनला, पहिल्या थकून आत गेल्यावर,
त्या उठल्या.

पुस्तकात नंतर सापडलं.
राणी कोवळेपणी उडते, उंच,
बारा-पंधरा नरांचं बीज घेऊन परत येते,
जन्मभर तेच पुरवते.
म्हणून एका पेटीत आई एक, बाप अनेक,
एकीला लवकर उकडतं, एकीला उशिरा.
माझ्या दहाजणी जिथे उडाल्या होत्या
तिथले नरही एकाच घरचे होते.

आमच्या गल्लीत नळावर भांडण पेटलं की
शेवंताआत्या सगळ्यात शेवटी ही शिवी काढायची,
बारा बापाची.
तिच्यापुढे मग कुणाचं काही चालत नसे.
मी वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलं,
मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा.

करडई फुलली तेव्हा उरलेल्या दोन पेट्यांतून
नव्या राण्या काढल्या,
आजूबाजूला विहिरीतल्यांचे नर,
आणखी चार ठिकाणचे, मिळतील तसे:
कासेगावच्या चिंचेतले, एका बंद गिरणीच्या धुराड्यातले.
पहिली राणी एक वाजून दहा मिनिटांनी उडाली.
मी खाली, मान वर, डोळ्यांत ऊन.
सोयरीक जुळवणारी मी,
पण बैठकीला मला बोलावणं नाही.
वीस मिनिटांनी परत आली
आणि माझ्याकडे न बघता आत गेली.
दुसरी आलीच नाही. बहुधा वेड्या राघूनं खाल्ली.

यंदा बहार धरल्यावर दर्याप्पानं झाकण उचलायच्या आधी विचारलं,
जात कोणती?
म्हटलं, आई डोंगरातली.
आणि बाप?
तेवढ्यात एक त्याच्या कानाच्या पाळीला डसली.
भाड्यात त्यानं पेटीमागे दोनशे कापले.
मी मोजून घेतले, वहीत तसंच मांडलं:
मध मध्यम, स्वभाव वाईट.

काल पंचेचाळीस होतं. आज जास्त असेल.
अकरापासून पेटीला कान लावून बसलेय.
आत वारा चालू आहे, 
एका सुरात नाही, कुठे दाट, कुठे विरळ.
अजून सगळ्या उठलेल्या नाहीत.