दुसरी किल्ली

थंडर बे, नोव्हेंबर. सरोवरावरचा वारा
फाईल उघडू देत नाही, म्हणून पोटाशी धरून उभी.
आत टाउनो किवेलाचं सगळं आहे :
वय सत्तेचाळीस, औषधं, भत्त्याचा आकडा,
स्वयंपाक – देखरेखीखाली, पैसे – देखरेखीखाली,
आई गेल्याची तारीख.
आईनेच नाव घातलं होतं घराच्या यादीत.
तेव्हा तो दोनशे अकरावा होता.
अठरा वर्षांत एकशे चाळीसवर आलाय.
मधली एकाहत्तर माणसं
घरात गेली की मातीत,
यादी सांगत नाही.

यादीच्या भरवशावर न राहता
आम्ही दोघं पायी हिंडतो.

पहिली खोली तळघरातली. खिडकीतून
फक्त लोकांचे बूट दिसायचे. त्याला ते आवडलं,
मला भिंतीवरची बुरशी दिसली.
दुसरा मालक फोनवर साखरेसारखा होता.
टाउनोला पाहिलं आणि म्हणाला,
"अरेरे, कालच गेली हो ती जागा."
पाटी काचेत तशीच होती.
टाउनो ती वाचू लागला,
एकेक अक्षर, मोठ्याने :
भा ड्या ने दे णे आ हे.
मालकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काय करणार?
तिसरीचं भाडं नव्वद डॉलरने जास्त.
नव्वद डॉलर म्हणजे महिन्याचं दूध, बस
आणि रविवारचा वेलदोड्याचा पाव, आई करायची तसा.

मी नळ सोडून बघते, हीटरला हात लावते.
तो सरळ न्हाणीघरात जातो,
दार लावतो, आतून कडी घालतो.
थांबतो.
काढतो.
पुन्हा घालतो.

आईनंतरची चार वर्षं तो ज्या घरात होता
तिथे कड्या नव्हत्या.
सुरक्षेसाठी, असं आम्ही लिहायचो.
रात्री तिथे कोण आत येत असे
ते त्याने मला कधी सांगितलं नाही.
कडी वाजवून दाखवतो, तेवढंच.

डे लुकाचं चपला दुरुस्तीचं दुकान बंद पडलंय,
वरच्या दोन खोल्या रिकाम्या.
म्हातारा माझ्याकडे वळलाच नाही,
त्यालाच विचारलं, "बर्फ उपसता येतो?"
"येतो. आधी पायऱ्यांवरचा. मग रस्त्यावरचा."
"मग बरोबर," डे लुका म्हणाला.
एवढीच मुलाखत.

करार मी मोठ्या अक्षरात, सोप्या वाक्यांत लिहिला होता.
भाड्याचा तिसरा हिस्सा नगरपालिका देणार,
शेगडी वीस मिनिटांनी आपोआप विझणार.
शेवटचा रकाना : दुसरी किल्ली कुणाकडे?
माझ्या हाताने सवयीने लिहिलं : संस्था.
त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं.
"का?"
मी सांगितलं. आग. झटका. पाण्याचा फुटलेला पाइप.
बारा वर्षांची उत्तरं, सगळी खरी.
त्याने सगळी ऐकली.
"मी आत असलो तर?"
"तर बेल वाजवीन."
"आणि मी उघडलं नाही तर?"

हे मला
कुठल्याच प्रशिक्षणात विचारलं नव्हतं.
मी शब्द खोडला.

आता दुसरी किल्ली समोरच्या मारिलीनकडे आहे.
त्यानेच तिला निवडलं,
तिचा कुत्रा त्याच्यावर भुंकत नाही म्हणून.
हे कारण फॉर्मच्या रकान्यात बसत नव्हतं.
मी दाबून बसवलं.

आज शुक्रवार, उणे सव्वीस.
पायऱ्या स्वच्छ आहेत, रस्ता अजून व्हायचाय.
बेल वाजवते.
आत पावलं, मग शांतता.
"कोण?"
मी नाव सांगते.
फटीतून वेलदोड्याचा वास येतो, थोडा करपलेला.
कडी हलत नाही.
"आज नको."

गाडीत येऊन हातमोजा दातांनी काढते,
फाईल उघडते,
'भेट' या शब्दापुढे लिहिते :
झाली.