प्लेट नंबर सतरा

मे महिना. जळगावात बाहेर पंचेचाळीस,
आत इन्क्युबेटरला वीसच हवेत.
फार चढलं की अळ्यांची अंडी थांबतात,
म्हणून लाइट गेली की दगडूभाऊ
गोणपाटात गुंडाळलेला बर्फ घेऊन धावत येतात
आणि जनरेटरच्या सात पिढ्या उद्धरतात.

अळी एक मिलिमीटरची, काचेसारखी.
उजेडाला धरली की पोटातली अंडी दिसतात,
कोवळ्या शेंगेतले दाणे दिसावेत तशी.
तिचं एखादं जनुक गप्प करायचं
तर चिरफाड लागत नाही, जेवणातून होतं.
त्या जनुकाच्या निरोपाची दुहेरी नक्कल
जिवाणूत भरायची,
तो जिवाणू प्लेटवर सारवायचा.
ती खाते.
आणि तिचंच शरीर नक्कल ओळखून
आपलाच निरोप वाटेत फाडून टाकतं.
जनुक जागेवर असतं. लिहिलेलं पुसत नाही कुणी.
फक्त त्याचं म्हणणं कुठे पोचत नाही.

आण्णांना हे पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा ते तापीपलीकडच्या आमच्या बागेत
केळीच्या मुळीवरच्या गाठी चाकूनं चिरून बघत होते.
आतल्या किड्यांनी तीन ओळी बसवल्या होत्या.
"आमी मारतस, तू पोसस!"
म्हणाले, आणि इतके हसले
की बांधावरचा बगळा उडाला.

फालक मॅडम म्हणतात, एकाला गप्प करून
कळतं ते अर्धंच. जोडीनं करून बघ.
बघितलं.
पहिलं गप्प: दोनशे चाळीस अंडी.
दुसरं गप्प: दोनशे तीस.
दोन्ही गप्प: नऊ.
म्हणजे एकमेकांचं सांभाळून घेत होती दोघं,
आणि आम्ही दोघांनाही बिनकामाचं समजत होतो.

पण सतरा नंबर वेगळी.
त्यातली जात जन्मापासून लुळी,
मिनिटाला दोन-तीन वळणं, मग तिथेच वाटोळं.
मी वहीत पहिल्याच पानावर लिहून टाकलेलं:
स्वभाव मंद.
गुरुवारी रात्री अडीचला झाकण काढलं तर
एक जण प्लेटच्या काठाशी पोचलेली.
मागे जिवाणूंच्या सायीत तिची वाट,
ओल्या पाटातून साप गेल्यासारखी.
मोजली वळणं. बावीस. एकोणीस. चोवीस.
वाटलं, लेबल चुकलं.
पुन्हा केलं. दगडूभाऊंना नावं झाकायला लावली,
माझं मलाच कळू नये म्हणून.
तिन्ही वेळा तेच.

म्हणजे लुळेपण तिचं एकटीचं नव्हतं.
दुसरं एक जनुक, धडधाकट,
आपलं काम चोख करता करता
तिला धरून ठेवत होतं.
त्याला गप्प केलं, एवढंच.

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात
नाशिकला आण्णांची स्वरपेटी काढली.
आता पाटीवर लिहितात, खडू खिशात.
आणि आई, जिच्याबद्दल आम्ही
पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचो
की ती अबोलच आहे, राग मानू नका,
ती एप्रिलात व्यापाऱ्याच्या ट्रकला आडवी उभी राहिली.
"दांडा तीन किलो भरस, पाच का कापस?"
आवाज जाडसर निघाला, थोडा आण्णांसारखाच.
व्यापारी काट्याकडे बघत राहिला.
मी आण्णांकडे.
पाटी मांडीवर, खडू वर धरलेला,
लिहिलं काहीच नाही.
हसत होते की काय, ते
बिनआवाजाचं नीट कळत नाही अजून मला.

हे वहीत लिहिलेलं नाही.
एका घरावरून निष्कर्ष काढू नये,
तुलनेला दुसरी प्लेट नाही,
आणि उलटं करून बघता येत नाही.
फक्त पहिल्या पानावरचं "स्वभाव" खोडलं.
त्याजागी काय लिहावं ते ठरेना,

तोवर लाइट गेली.
जिन्यावर बर्फाचं पाणी ठिबकतंय,
दगडूभाऊ आले.