डाग

पहाटेचे तीन दहा. उणे एकतीस.
सातव्या चेंबरच्या झाकणावर झोपणारं कुत्रं
आज तिथं नाही.
म्हणजे झाकण आता अंगही टेकू देत नाही.
उलानबातरच्या या भागात
बातमी आधी कुत्र्यांना कळते,
मग चौथ्या मजल्यावरच्या डोलगोरबाईंना,
मग मला.

बासनजाव पंपाचा पाईप आत सोडतो.
एर्देनेचुलून व्हॉल्व्हचं चाक आवळतो,
एकेक फेरा मोठ्यानं मोजत,
कारण मागच्या हिवाळ्यात त्यानं मनात मोजले होते.
न्यामदाव्वा नवा. बावीसचा.
हातमोजे काढतो, घालतो, काढतो.
मी काहीच उचलत नाही.
टॉर्च, फोन, घड्याळ:
मॅनेजर झाल्यापासून एवढंच वजन.

पाणी बंद केलं की चार तास.
पुढे सहा इमारतींतले रेडिएटर
आतून गोठायला लागतात.
संचालकांचा फोन: किती वेळ?
प्रसूतिगृहाचा फोन: किती वेळ?
डोलगोरबाई: डुलामसुरेन, नातवाला कोट घालून निजवू का गं?
तिघांना तीन उत्तरं दिली.
खरं फक्त बाईंना मिळालं.
घाला कोट. टोपीसुद्धा.

खाली कोणाला उतरवायचं
हे कुठल्या पुस्तिकेत नसतं.
बासनजावचा गुडघा.
एर्देनेचुलूनच्या बायकोचे भरत आलेले दिवस.
उरला न्यामदाव्वा.
उरलास म्हणून जा, असं कसं म्हणू?
म्हटलं, तुझा हात स्थिर आहे.
त्यानं ते खरं मानलं,
आणि शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत
हात खरंच स्थिर झाला.

वरून दिसते नुसती वाफ
आणि वाफेत त्याच्या टॉर्चचा पिवळा गोळा.
"सापडलं, ताई. जुना डाग सुटलाय."
कोणाचा? जोडाशेजारी आकडा असतो बघ.
बराच वेळ काही नाही.
मी दोर एकदा ओढला. त्यानंही एकदा ओढला.
"गंजलाय. वाचता येत नाही."

पाणी कुठंतरी मुरत होतं.

अकरा वर्षांनी शिडी उतरले.
चष्मा पांढराफटक.
अंगठ्यानं चाचपलं:
चार. मग एक.
न्यामदाव्वा भिंतीकडे तोंड करून
उगाच पाना पुसत राहिला.

एक्केचाळीस म्हणजे मी.
तो जोड करताना काड्या दमट होत्या का,
घरी मुलीला ताप होता का,
काहीही आठवत नाही.
आठवतो फक्त वरून वाकलेला तेव्हाचा मॅनेजर.
"झालं का?" एवढंच त्यानं विचारलं
आणि मी हो म्हटलं.

घास, मी म्हटलं.
चांगलं लोखंड लागेपर्यंत घास.
काड्या गरम डब्यातल्या घे.
घाई नाही.
घाई होती. दीड तास गेला होता.
पण ती मी माझ्या खिशात ठेवली,
फोन बंद करून, फोनशेजारी.

सहा वीसला पाणी सोडलं.
चौथ्या मजल्यावरची खिडकी
दोनदा उजळली, दोनदा विझली.
डोलगोरबाईंचं आभार मानणं असंच, बिल न वाढवता.

डेपोत खारट दुधाचा चहा
आणि छापील फॉर्म. रकाना: कारण.
"गंज लिही," बासनजाव म्हणाला,
"सगळे गंजच लिहितात.
गंजाला कोणी नोटीस पाठवत नाही."
मी लिहिलं: सदोष वेल्डिंग, क्रमांक ४१.
उपाय: क्रमांक ४१ चे सगळे जोड तपासणे.
मग यादी करायला बसले.
चहा गार झाला, त्यावर साय धरली,
आणि मी अजून
दुसऱ्या हिवाळ्यातच होते.

एक सांगायचं राहिलं.
झाकण लावण्याआधी न्यामदाव्वानं विचारलं,
माझा आकडा ठोकायचाच का, ताई?
त्याच्या हातातली हातोडी
पुन्हा थोडी हलत होती.
ठोक, म्हटलं.
खोल ठोक.
तू नाही म्हणालास तरी
वाचता येईल असा.