पान क्रमांक चार

सिंदेवाहीच्या तहसीलीसमोर
झेरॉक्सच्या टपरीला टेकून मी अर्ज लिहितो.
कौतिका लोनबले म्हणाली,
"पगार काहून थांबला, ते नको इचारू.
माह्याबद्दल त्यायनं काय लिवून ठेवलं, ते माग."

दहा रुपयांचं तिकीट डकवलं.
कारण सांगायची गरज नसते, मी म्हणालो.
"बरं हाय. मले सांगता आलं नसतं."

दीड महिन्यानं सात पानं आली,
दोन रुपये पान.
चौथ्यावर:
सदर महिलेस मुलगा एक. नाव रोशन. वय सव्वीस. कमावता.
सबब अपात्र.

मी वाचलं नि थांबलो.
ती टपरीच्या पत्र्याकडे पाहत होती.
"अकरा दिवसाचा होता," म्हणाली.
"नाव ठेवाचंच होतं."

रकाना रिकामा राहू नये म्हणून
दवाखान्यातल्या नर्सबाईनं लिहिलं असेल काहीतरी.
जन्म नोंदला गेला,
मरण सांगायला कोणी गेलंच नाही.
मग तो फायलीत वाढत राहिला,
कपाटाच्या त्या थंड अंधारात,
ना गोवर, ना ताप,
आईचा पगार बंद करण्याइतका मोठा झाला.

मी कोरा कागद ओढला.
"दुरुस्तीचा अर्ज लिहू?"
"लिव."
पेन टेकवला, तर हात धरला तिनं.
"उद्या लिव."

पदराची गाठ सोडून
दोन रुपये ठेवले काचेवर.
"ह्या पानाची अजून एक कापी काढ, बापू.
त्याचं वय नीट दिसलं पायजे."