बुडाशी लिहिलेलं

शनिवारी पहाटे पाचला
ओर्टविन विजेरी घेऊन निघतो.
गेल्झेनकिर्शेनला, फर्निचरच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये
लोक अजून गाड्यांतून खोकी उतरवत असतात
आणि हा वाकलेला,
तान्ह्याचं दुपटं ओलं आहे का बघावं
तसं एकेका फुलदाणीचं बूड बघत.

बुडाशी तीन आकडे, आडवी रेघ,
मग उंची सेंटिमीटरमध्ये.
खाली ठसा: पश्चिम जर्मनी.
त्या नावाचा देश आता कुठल्या नकाशात नाही.
आमच्या दिवाणखान्यात आहे,
एकशे चौदा वेळा.

जाड झिलई. शेंदरी, तपकिरी, काळी.
उतू जाऊन शेगडीवर करपलेलं दूध
घासायचंच कुणी विसरलं, तशी.
बोट फिरवावं तर अडखळतं.
धूळ पुसायचं काम माझं.
पुसता पुसता आत डोकावते.
काहींच्या पोटात क्षाराची पांढरी रेघ असते;
कुण्या बाईनं वर्षानुवर्षं
इथवरच पाणी ओतलं.
एकीत केसांची पिन निघाली, एकीत सुका वाटाणा.
मी दोन्ही परत आत टाकले.

पाहुण्यांना तो सांगतो,
ही भट्टी लवकर बंद पडली, हा रंग मिळत नाही.
पाहुणे माना डोलावतात, केक संपवतात.
कुणी विचारत नाही
की पाचशे एकेचाळीस नंबरच्या
एकाच मापाच्या नऊ कशाला.

दहावी सासूबाईंची होती.
टीव्हीशेजारी, पाणकणसं खोचलेली,
काठाचा टवका लाल नेलपॉलिशनं बुजवलेला.
एक्क्याण्णव साली त्यांची खोली रिकामी करताना
खाली टेम्पो उभा, तासाचे पैसे चढतायत,
आणि ओर्टविन ती कवेत घेऊन जिन्यात.
"असलं कुरूप कोण ठेवतं? दे दोन मार्कांना,"
म्हणणारी मी.
तो हसलाही होता तेव्हा.

हे वेड खूप उशिरा लागलं,
निवृत्तीनंतर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर.
टवक्याचा विषय तो काढत नाही. मीही नाही.
पण नवी आणली की आधी
काठावरून अंगठा फिरवतो, सावकाश, पूर्ण गोल.
मी स्वयंपाकघरात जाते,
काम नसलं तरी.

परवा शेजारच्या रोझविटानं
बागेतले फ्लॉक्स आणून दिले, ओंजळभर नव्हे, टोपलीभर.
बरणी सापडेना.
नवांतली एक उचलली, नळाखाली धरली,
फुलं खोचली आणि झोपले.

सकाळी लाकडावर ओलं कडं.
कुठंतरी बारीक तडा असणार.
एवढ्या वर्षांत पाणीच कुणी घातलं नाही,
कळणार कसं?
ओर्टविन कॉफीचा कप धरून उभा.
मला वाटलं, आता बोलेल. सगळंच बोलेल.
त्यानं पुसायला फडकं उचललं,
परत ठेवलं,
खाली सूपची एक बशी सरकवली
आणि म्हणाला,
दुपारी परत भरावी लागेल.